पसंतीक्रम कुणाचा?

चोरी करताना माणसाला कसे वाटते, हे मला ११ जून २०२५ च्या रात्री कळले. चोरी घरातच होती, पैशांची नव्हती, दागिन्यांचीही नव्हती. रात्रीचे दोन वाजले होते. ओसरीवर आई झोपलेली, आतल्या खोलीत लेक आणि तिची आई. मी स्वयंपाकघरात बसलो होतो. उजेडाने कुणी जागे होऊ नये म्हणून दिवासुद्धा लावला नव्हता. मोबाईलच्या प्रकाशात मी लेकीच्या प्रवेशाच्या संकेतस्थळावर शिरलो. तिचा अर्ज क्रमांक मला तोंडपाठ होता आणि पासवर्ड तर मीच तयार केलेला. तिने पहिल्या पसंतीला लिहिले होते ते मी तिसऱ्या जागी ढकलले, तिसऱ्या जागेवरचे पहिल्या जागी आणून बसवले आणि यादी जतन केली. सगळे मिळून चार मिनिटांचे काम. सतरा वर्षांचा भरवसा मोडायला तेवढी पुरतात.

हे आज जाहीरपणे लिहितो आहे ते पश्चात्तापाचे प्रदर्शन मांडावे म्हणून नव्हे. दरवर्षी जून महिन्यात महाराष्ट्रातल्या हजारो घरांत हा प्रसंग या ना त्या रूपाने घडत असतो. कुठे तो रात्री चोरून घडतो, कुठे दिवसाढवळ्या हुकूम सोडून, कुठे आईच्या डोळ्यांतल्या पाण्याने. नाव मात्र सगळीकडे एकच असते : मुलांचे भले.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी फुलंब्री तालुक्यात एका अंशतः अनुदानित शाळेत मराठी शिकवतो. पगार किती आणि कधी, हे विचारू नये. आमच्यासारख्या शिक्षकांना ते विचारणे सभ्यपणाचे नाही. जोडीला कोरडवाहू शेती आहे. लेक दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. पुढची दोन वर्षे एस.टी.ने चौक्याचा घाट उतरून रोज संभाजीनगरला जात-येत होती. सकाळी सहाची गाडी. गाडीत बसायला जागा मिळाली तर पुस्तक उघडायचे, नाही मिळाली तर उभ्याने सूत्रे घोकायची. तिला आयआयटीला जायचे होते.

आयआयटीला जायचे म्हणजे काय, हे आकड्यांतच सांगितलेले बरे. २०२५ मध्ये जेईई मेन या पहिल्या परीक्षेला देशभरातून पंधरा लाखांच्या आसपास मुले बसली. त्यांतल्या वरच्या अडीच लाखांना दुसऱ्या, म्हणजे ॲडव्हान्स्ड परीक्षेचे दार उघडते. १८ मे रोजी या परीक्षेचे दोन्ही पेपर देणारी मुले होती १,८०,४२२. उत्तीर्ण झाली ५४,३७८. आणि देशातल्या तेवीस आयआयटींमध्ये मिळून जागा अठरा हजारांच्या आसपास. पहिली परीक्षा २०२१ पासून मराठीतूनही देता येते. दुसरी फक्त इंग्रजी आणि हिंदीतून. म्हणजे आमच्या मराठीची सोबत अर्ध्या वाटेपर्यंतच. पुढची वाट पोरांनी एकट्याने चालायची.

या सगळ्यात आईबापांचे काम काय? अभ्यास आम्ही करू शकत नाही. तिच्या अकरावीच्या गणिताच्या पुस्तकात मी दुसऱ्याच पानावर हात टेकले होते. मग आम्ही कागदांच्या मागे लागतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, सातबारा, आठ-अ, आधारवरच्या नावातली वेलांटी आणि दहावीच्या गुणपत्रिकेतल्या नावातली वेलांटी एक आहे की नाही, फोटो किती के.बी.चा. सेतू केंद्र, तलाठी, तहसील अशा चकरा मारताना बापाला आपण काहीतरी करतो आहोत असे समाधान मिळते. खरे सांगायचे तर ते समाधान खोटे नाही. शिक्षण शुल्कच वर्षाला दोन लाख. पण कुटुंबाचे उत्पन्न एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर त्यातले दोन तृतीयांश माफ होते. अशा वेळी उत्पन्नाचा तो एक कागद आमच्यासारख्यांच्या पोरांसाठी परीक्षेइतकाच महत्त्वाचा असतो.

याच कागदांच्या धावपळीत पहिली ठेच लागली. केंद्राच्या संस्थांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी २०१९ पासून दहा टक्के जागा आहेत. त्यासाठी वर्षाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. त्यात आम्ही आरामात बसत होतो. पण दुसरी अट अशी की कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन नसावी. माझ्या सातबाऱ्यावर पाच एकर सहा गुंठे! पाऊस झाला तर कापूस आणि मका, नाही झाला तर ढेकळे, अशी ही जमीन. पण नियमाला कोरडवाहू आणि बागायत हा फरक कळत नाही. मराठवाड्यातले पाच एकर माळरान आणि पाटपाण्याखालचे पाच एकर ऊस त्याच्या लेखी सारखेच. ही अट जमिनीच्या प्रतीप्रमाणे बदलायला हवी, असे माझे ठाम मत आहे. असो.

तेव्हा एका जाणत्या गृहस्थांनी चहा पिता पिता उपाय सुचवला. ''मास्तर, दहा गुंठे म्हातारीच्या नावावर करून टाका. आजी कुटुंबाच्या व्याख्येत बसतच नाही. दाखला हातात आला की पुढचं पुढं.'' मला तो उपाय पटला, हे कबूल करतो. रात्री जेवताना मी तो विषय काढला. लेक ताटातली भाकरी मोडत म्हणाली, ''पप्पा, गरज म्हणून आजीच्या नावावर जमीन करायची तर करा. माझ्यासाठी करू नका. तशी मिळालेली जागा मला माझी वाटणार नाही.'' विषय तिथेच संपला. तिने सर्वसाधारण गटातून अर्ज भरला. जे मला सुचायला हवे होते ते तिला सुचले, हे त्या वेळी माझ्या ध्यानात यायला पाहिजे होते. ते आले नाही.

निकाल २ जूनला लागला. क्रमांक पाच आकडी आला, पण चांगला. २०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण केल्या आहेत, त्यामुळे आशेला जागा होती. आता खरी परीक्षा सुरू झाली, आणि ती आमची होती. देशभरातल्या १२७ संस्था आणि त्यांतल्या शेकडो शाखा एका यादीत मांडायच्या. सगळ्यात वर जे लिहाल ते मिळण्यासारखे असेल तर तेच पदरात पडते. मग खालच्यांकडे संगणक पाहतही नाही. म्हणून क्रम हेच सर्वस्व. यादी भरायला दहा दिवस. मधे दोनदा तात्पुरते वाटप दाखवतात, म्हणजे आज मुदत संपली तर काय मिळेल त्याचा अंदाज येतो. मुदत १२ जूनला संपणार होती.

लेकीने पहिल्या क्रमांकावर लिहिले होते, आयआयटी खरगपूर, भूगर्भशास्त्र.

घरात शांतता पसरली. मग फोन सुरू झाले. एक पाहुणे म्हणाले, ''दगडाचं शिक्षण घेऊन पोरगी काय खडी क्रशर टाकणार का?'' दुसऱ्यांनी विचारले, ''इतकी मेहनत केली, आता कॉम्प्युटर सोडून हे कामून?'' माझ्या मनातही तेच होते. तिच्या क्रमांकावर नागपूरच्या एका चांगल्या संस्थेत कॉम्प्युटर मिळण्यासारखे होते. घरापासून एका रात्रीचे अंतर. नोकरीची हमी, निदान लोक म्हणतात तशी. माझ्यावर तीन कर्जे आहेत. ती कशाची हे सांगितले की या गोष्टीतली गंमत तुम्हाला कळेल. ती बोअरची कर्जे आहेत.

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्यात कोण विसरेल? लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या वर्षाचा. आमच्याकडे टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागत. मी पाणाड्याला बोलावले. त्याने तळहातावर नारळ आडवा धरला आणि शेतातून चालत निघाला. एका जागी नारळ उभा राहिला. तिथे बोअर घेतले; फुफाटा निघाला. पुढच्या दुष्काळात दुसऱ्या जागी नारळ उभा राहिला. तिथेही तेच. तिसऱ्या खेपेला चार चुळा पाणी लागले आणि महिनाभरात तेही गेले. गंमत अशी की, बांधापलीकडे शेजाऱ्याच्या बोअरला, आमच्यापासून शंभर पावलांवर, बारमाही पाणी आहे.

पहिल्या वेळी लेक आठ वर्षांची होती. पाणाड्याच्या मागे मागे शेतभर फिरली आणि संध्याकाळी मला विचारले, ''पप्पा, नारळाला कसं कळतं?'' मी शिक्षक. मला उत्तर आले नाही. मी म्हणालो, ''झोप आता.'' तो प्रश्न तिने झोपू दिला नाही. नववी-दहावीत तिला समजले की आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा आहे. अजिंठा आणि वेरूळची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. हा दगड मुळात पाणी धरत नाही. पाणी असते ते त्याच्या भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या थरात. म्हणून शेजाऱ्याला लागते आणि आपल्याला लागत नाही. नारळाचा त्यात काही संबंध नाही. खरगपूरला या विषयाचा जुना विभाग आहे हेही तिनेच शोधून काढले होते.

मी माझे म्हणणे मांडले नाही असे नाही. पण कसे मांडले? ''बघ बाई, तुझं तू'' असे म्हणत, उसासे टाकत, कर्जाचा हप्ता भरायच्या दिवशी बँकेचे पुस्तक मुद्दाम तिच्यासमोर उघडून. सरळ बोललो नाही. माझी आई ओसरीवरून हे सगळे ऐकत होती. एकदा म्हणाली, ''लेकरू म्हनतंय तर करू दे की. तू कामून आडवा येतो?'' मला तेव्हा वाटले, हिला काय कळते बाजारातले!

मग ती रात्र आली. चोरी करून मी अंथरुणावर पडलो. झोप लागली नाही. आणि एकाएकी मला १९९४ चा जून आठवला. त्याच वर्षी जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता. मी बारावी झालो होतो. मला नाट्यशास्त्र शिकायचे होते. शहरातल्या नाटकांचे वेड डोक्यात होते. प्रवेशाचा अर्ज वडिलांनी आणला आणि वडिलांनीच भरला. विषयाच्या रकान्यात मराठी, पुढे बी.एड., आणि मग मास्तरकी. मी फक्त सही केली. वडिलांचे चुकले असे आजही मी म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मास्तरकीइतकी खात्रीची दुसरी भाकरी नव्हती. पण त्या खात्रीचे पुढे काय झाले? त्यानंतरच्या काळात महाराष्ट्रात डी.एड. आणि बी.एड.चे केवढे पेव फुटले! गावोगाव विद्यालये निघाली. बापांनी शेते गहाण टाकून पोरापोरींना तिकडे घातले. २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली आणि पुढची पाच वर्षे थांबलेलीच राहिली. पदविका घेतलेली मुले घरी बसली, विद्यालये ओस पडली, कित्येक बंद झाली. त्या सगळ्या बापांना बाजार कळत होता. अगदी चांगला कळत होता. फक्त तो कालचा होता.

आणि मी काय करत होतो? २०२५ चा बाजार पाहून २०३० ची भाकरी ठरवत होतो.

सकाळी लेक अंगणात दात घासत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सांगून टाकले. हातातला मोबाईल पुढे केला. तिने चूळ भरली, तोंड पुसले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''मला सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं, पप्पा. मानलं नसतं कदाचित. पण ऐकलं असतं.''

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा खरे बोललो. मी तिला कर्जाचे आकडे सांगितले, उसासे न टाकता. तिने मला सांगितले की राज्यात १९७२ च्या दुष्काळाच्या सुमाराला भूजल सर्वेक्षणासाठी वेगळी यंत्रणा स्थापन झाली होती आणि या कामाला माणसे लागणार आहेत. मी म्हणालो, सरकारी भरतीचे काय होते ते आम्ही पाहिले आहे. ती म्हणाली, बरोबर आहे, म्हणूनच आकडेमोड आणि संगणक तिथेही शिकणार आहे. काही मुद्दे तिचे भारी पडले, काही माझे. दुपारी तिने क्रम पूर्ववत केला. फक्त खाली सातव्या-आठव्या जागी माझी एक शाखा माझ्या समाधानासाठी सरकवली. नंतर तिने पासवर्ड बदलला. नवा मला सांगितला नाही. बरेच झाले.

आता कुणी म्हणेल, सतरा वर्षांच्या पोराला काय कळते? ठीक आहे, कमी कळते. पण ज्याला जन्मभर ते काम करायचे आहे त्याच्या कमी कळण्याची किंमत तोच मोजणार असतो. आपल्या कळण्याचीही किंमत तोच मोजतो, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. कोट्यासारख्या शहरात २०२३ या एका वर्षात वीसहून अधिक मुलांनी जीव दिला. प्रत्येक घराचे कारण वेगळे असेल आणि दुरून कुणाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण दुसऱ्याने लिहिलेल्या पहिल्या पसंतीचे ओझे पाठीवर घेऊन परीक्षेला बसणारी मुले मी माझ्या वर्गातही पाहिली आहेत. नापास होण्यापेक्षा घरी सांगण्याची भीती त्यांना जास्त असते.

म्हणून यंदा आणि पुढे ज्यांच्या घरात हा जून यायचा आहे, त्या आईबापांना दोन-चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कागद आपण जमवावेत. त्यात कसूर करू नये, कारण केंद्राचा दाखला १ एप्रिलनंतरचा लागतो, नमुना वेगळा असतो, आणि एका चुकीच्या तारखेने वर्षाची मेहनत वाया जाऊ शकते. पैशांची खरी स्थिती मुलांना आकड्यांत सांगावी, चेहऱ्यावरून वाचायला लावू नये. आपले मत असेल तर ते यादी भरण्याच्या पहिल्या दिवशी, दिवसाउजेडी सांगावे. दोन तात्पुरत्या वाटपांच्या मधले दिवस भांडायला असतात, ते भांडून घ्यावे. पण अर्जावर मोबाईल क्रमांक आणि ई-मेल मुलाचा असावा, पासवर्ड त्याच्याच डोक्यात असावा आणि शेवटचे बटण त्यानेच दाबावे. कागद जमवणे आपले काम, क्रम लावणे त्याचे.

१४ जूनला पहिल्या फेरीचे वाटप जाहीर झाले. तिला खरगपूर मिळाले. आम्ही सिल्लोड-अजिंठ्याच्या रस्त्याने भुसावळला गेलो आणि हावड्याच्या गाडीत तिला बसवून दिले. सोबत तिची आई गेली होती. मी फलाटावर उभा होतो. गाडी निघाल्यावर माझ्या मोबाईलवर कुठलाही संदेश येणार नव्हता, यायचे कारणच उरले नव्हते. गेल्या आठ महिन्यांत तिच्या नावाचा प्रत्येक आकडी संकेत आधी माझ्या खिशात वाजत असे. त्या सवयीने मी दोनदा खिसा चाचपला.

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. खुशाली वगैरे झाल्यावर तिने विचारले, ''पप्पा, आपलं दुसरं बोअर घेतलं तेव्हा काळ्या दगडाखाली तांबडी माती लागली होती ना? किती फुटांवर?'' दोन लाव्हांच्या थरांमध्ये असा तांबडा थर कधी कधी असतो आणि त्यावरून खालच्या पाण्याबद्दल काही अंदाज बांधता येतो, असे ती सांगत होती. मी आठवू लागलो. तांबडा गाळ वर आला होता हे आठवत होते. किती फुटांवर, ते नाही. बोअरची पावती माझ्याकडे आहे, बँकेची कागदपत्रे आहेत, हप्त्यांच्या नोंदी आहेत. दाखले जमवण्यात तर माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नसेल. पण जमिनीने आम्हाला तीनदा जे सांगितले, ते लिहून ठेवायचे कुणाला सुचले नाही.

''आठवत नाही गं,'' मी म्हणालो. ''पण थांब. मशीनवाल्याकडे जाऊन विचारतो.''

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्याकडे गेलो.